पिल्लाचं खाणं आणि शी-सू: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

घरात पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यात सगळी चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते: याला खायला काय घालायचं, आणि याच्या शी-सूचं काय करायचं. लोक हे दोन वेगळे प्रश्न धरतात आणि दोन वेगळी उत्तरं शोधत बसतात. मला मात्र ठामपणे वाटतं की हा एकच प्रश्न आहे. खाण्याच्या वेळा बांधल्या की शी-सूच्या वेळा बऱ्याच अंशी आपोआप बांधल्या जातात. खाण्यात घोळ असेल, तर कितीही रागावा, फरशी ओलीच राहते. खालची उत्तरं साधारण दोन ते सहा महिन्यांच्या पिल्लांसाठी आहेत. नागपूरचा उन्हाळा, इथली घरं आणि इथल्या सवयी लक्षात घेऊन ती लिहिली आहेत.

पिल्लू किती दिवसांचं झालं की घरी आणावं?

आठ आठवडे पूर्ण झाल्यावरच. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. तरी "तीस दिवसांचं झालं, आता खातं-पितं, घेऊन जा" असं सांगणारे विक्रेते भेटतातच. घेऊ नका.

याचा शी-सूशी थेट संबंध आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन शी-सू करायला लागतं. आपली झोपायची जागा कोरडी ठेवायची ही त्याची उपजत ओढ, आणि पुढची सगळी शिकवण तिच्याच जोरावर होते. जे पिल्लू आठवडेच्या आठवडे छोट्या पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत बसलेलं असतं, त्याची ही ओढ मरते. म्हणून आणायला जाल तेव्हा पिल्लापेक्षा आधी त्याची जागा बघा. रद्दी ओली, कोपऱ्यात वाळलेली शी, पोट आणि पाय माखलेले, असं दिसलं तर पुढे जास्त मेहनत पडणार हे धरून चाला.

दिवसातून किती वेळा खायला द्यायचं?

तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, तीन ते सहा महिने तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. घड्याळ प्रत्येक घराचं वेगळं, पण ठरलेल्या वेळेत अर्ध्या तासाहून जास्त फरक पडू देऊ नका. दोन महिन्यांच्या पिल्लाला सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री ८:३० या वेळा चालतात. एप्रिल-मे मध्ये सगळं अलीकडे-पलीकडे सरकवा: सकाळी ६, मग ११ च्या आत, संध्याकाळी ऊन उतरल्यावर ६ च्या सुमारास, आणि रात्री ९. भर दुपारी कोणतंच पिल्लू मनापासून खात नाही. खाल्लं तरी त्यानंतर त्याला शी-सूला न्यायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

वाटी ठेवली की पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि उचला. उरलं तर उरलं. वाटी दिवसभर भरलेली ठेवायची पद्धत आपल्याकडे फार आहे, "त्याला भूक लागंल तेव्हा खाईल नं" म्हणून. त्यात तीन तोटे आहेत. भिजवलेलं खाणं आपल्या उन्हाळ्यात तासाभरात आंबायला लागतं. मुंग्या येतात. आणि पिल्लाने नेमकं केव्हा खाल्लं हे कळत नाही, त्यामुळे शी केव्हा येणार तेही कळत नाही. तिसरा तोटा सगळ्यांत मोठा.

एका वेळी किती द्यायचं?

तयार दाणे देत असाल तर पिशवीवर वय आणि वजन यांचा तक्ता असतो. त्यातला आकडा बहुतेक वेळा पूर्ण दिवसाचा असतो. त्याचे चार किंवा तीन भाग करायचे. अनेक घरांत तोच आकडा प्रत्येक वेळी दिला जातो, आणि मग पातळ शीची तक्रार सुरू होते. दाणे 'पपी'साठीचेच हवेत, मोठ्या कुत्र्यांचे नकोत.

तक्ता हा अंदाज आहे. खरी खूण पिल्लाच्या अंगावर असते. छातीवरून हलका हात फिरवला की बरगड्या बोटांना लागाव्यात, पण डोळ्यांना उठून दिसू नयेत. जेवल्यावर पोट थोडं भरलेलं दिसणं ठीक. मात्र हातपाय काटकुळे आणि पोट कायम ढोलासारखं असेल तर जंतांची शंका घ्या. आठवड्यातून एकदा पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. डॉक्टरकडे गेल्यावर ही वही फार उपयोगी पडते.

पोमेरेनियनसारखी छोट्या जातीची पिल्लं उपाशी ठेवू नका. त्यांच्या अंगात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. दोन जेवणं चुकली तरी ती लुळी पडतात, थरथरतात. असं दिसलं तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं पाणी लावा आणि लगेच डॉक्टर गाठा.

आजी म्हणते, "दूध-पोळी चुरून द्या, आमच्या वाड्यातली कुत्री त्याच्यावरच मोठी झाली." द्यावी का?

नको. आईचं दूध सुटल्यावर पिल्लाच्या पोटातली दूध पचवण्याची ताकद कमी होत जाते. गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचली नाही की आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब होतात. नव्या पिल्लाला लागलेल्या पातळ शीचं कारण विचारत गेलं की दहातल्या बऱ्याच घरी शेवटी वाटीभर दूधच निघतं. आणि पातळ शी धरून ठेवणं पिल्लाच्या हातात नसतं. घरभर डाग पडतात, बोलणी पिल्लू खातं.

आजींचा मान राखायचा असेल तर त्यांच्या हातून चमचा-दोन चमचे ताजं, गोड दही द्या. दह्यात ती साखर कमी झालेली असते, बहुतेक पिल्लांना ते पचतं. आजींना पिल्लाला काहीतरी भरवायचं असतं, आणि ती इच्छा रास्त आहे. भरवण्याचं एक ठरलेलं जेवण त्यांच्याकडेच सोपवा. घरात सतत असणारं माणूस वेळ पाळण्यात सगळ्यांत पक्कं असतं.

पोळीत विष नाही. पण पोट भरतं आणि वाढीला लागणारं प्रथिन मिळत नाही.

घरचंच खाणं घालायचं आहे. चालेल का?

चालेल, पण भात आणि उकडलेलं चिकन एवढ्यावर पिल्लू वाढवता येत नाही. मांस आणि भातात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी कमी. महिना-दोन महिने असंच चाललं की हाडं मऊ पडतात, पुढचे पाय वाकतात, पिल्लू चालायला कुरकुर करतं. घरचं खाणं द्यायचं तर पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्या: चिकन किंवा अंडं किती, भात किती, लाल भोपळा-गाजर किती आणि कॅल्शियमची पूड किती. मीठ, तिखट, फोडणी काही नको.

याच्या उलट चूकही सर्रास होते. पिल्लाला चांगले दाणे चालू असतात आणि वरून कुणीतरी सांगितलं म्हणून कॅल्शियमची बाटली सुरू होते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियमने हाडांचे विकार होऊ शकतात. पपीच्या दाण्यांत ते आधीच मोजून घातलेलं असतं. डॉक्टरने सांगितल्याशिवाय बाटली उघडू नका.

शाकाहारी घरात निदान अंड्याला तरी परवानगी असेल तर काम बरंच सोपं होतं. तेही नसेल तर तयार दाणे हा सगळ्यांत सुरक्षित मार्ग. वरण-भात-तुपावर वाढणाऱ्या पिल्लाचं अंग भरल्यासारखं दिसतं, ताकद मात्र येत नाही.

खाणं बदलायचं असेल तर आठवडाभर घ्या. आधी पाव हिस्सा नवं, दोन दिवसांनी अर्धं, मग पाऊण. विक्रेत्याकडे जे खात होतं तेच पहिले काही दिवस चालू ठेवलेलं बरं. नवं घर, नवी माणसं, वर नवं खाणं असा एकदम मारा झाला की पोट बिघडतंच.

काय अजिबात द्यायचं नाही?

कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. म्हणजे सावजी रस्सा तर सोडाच, त्यातून काढून धुतलेला मटणाचा तुकडाही नको. द्राक्षं आणि मनुका किडनीला मारक. चॉकलेट, चहा-कॉफी नको. शुगर-फ्री गोळ्या आणि च्युइंगममधलं झायलिटॉल तर थोडंही घातक. शिजवलेली हाडं नकोत, कारण शिजल्यावर ती ठिसूळ होतात आणि त्यांच्या टोकदार फाका आतड्यात रुततात. संत्र्याची एखादी फोड मोठ्या कुत्र्याला चालते, पण साल आणि बिया नकोत. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला फोडही नको.

आणि खर्रा. नागपुरात याबद्दल बोललंच पाहिजे. तंबाखू, सुपारी, चुना घोटलेली पन्नीची पुडी शर्टाच्या खिशातून, गाडीच्या डिक्कीतून, सोफ्याच्या फटीतून खाली पडते आणि पिल्लू ती पन्नीसकट चावतं. निकोटीन पिल्लाला फार वेगाने चढतं: लाळ, उलटी, थरथर, झटके. चुन्याने तोंड भाजतं, पन्नी पोटात अडकते. घरात कुणी खर्रा खात असेल तर पुडी ठेवायची एक बंद डबी आणि थुंकायची जागा पिल्लाच्या आवाक्याबाहेर हवी. गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघत बसू नका, तडक दवाखाना.

पाणी रात्री काढून ठेवावं का? आणि कूलरचं पाणी चालतं का?

झोपण्याआधी दीड-दोन तास पाणी काढून घ्या, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. हिवाळ्यात, पावसाळ्यात तो पाळायला हरकत नाही. आपल्या उन्हाळ्यात पाळू नका. पारा ४५ च्या पुढे जातो, रात्रीही भिंती गरम राहतात, आणि कुत्रं धापा टाकून, म्हणजे तोंडावाटे पाणी उडवूनच अंग थंड ठेवतं. पाणी काढलं तर ते थंड होणार कशाने? नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत रात्री एकदा जास्त उठावं लागेल. ते उठणं स्वीकारा, पाणी तोडू नका.

कूलरचं पाणी मात्र नको. टाकीत दिवसेंदिवस साठलेलं, शेवाळलेलं पाणी पिल्लं आवडीने चाटतात. वाटीतलं ताजं पाणी दिवसातून तीन-चारदा बदला. माठातलं असेल तर उत्तम.

कूलरची आणखी एक भानगड आहे. मानेवाड्याच्या एका घरी पिल्लू सगळं नीट शिकलं होतं, फक्त सू कूलरखालीच करायचं. रोज. तिथे खाली बसून बघितलं तेव्हा कारण दिसलं. टाकीच्या एका कोपऱ्यातून थेंब-थेंब पाणी गळत होतं, फरशीवर वीतभर ओल कायम, आणि टाइल्सच्या सांध्यात जुन्या सूचा वास मुरलेला. ओली, थंड आणि वास असलेली जागा पिल्लाच्या दृष्टीने मोरीच. गळती बंद केली, सांधे घासून काढले, कूलरखाली त्याचं जेवणाचं ताट ठेवायला सुरुवात केली. जिथे जेवायचं तिथे पिल्लू सहसा घाण करत नाही. आठवड्यात तो प्रश्न मिटला.

शी-सूला नेमकं केव्हा न्यायचं?

चार वेळा कधीच चुकवू नका: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर, खेळता-खेळता मध्ये आणि रात्री झोपण्याआधी. 'उठल्याबरोबर' म्हणजे डोळे उघडल्या-उघडल्या. आपण चप्पल शोधेपर्यंत त्याचं होऊन जातं, म्हणून उचलूनच न्या. खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत शी येते. प्रत्येक पिल्लाचा हा वेळ ठरलेला असतो. तीन-चार दिवस वहीत लिहिलंत की तुम्हाला तो पाठ होईल.

याशिवाय किती वेळ धरवतं याचा ठोकताळा असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं असेल तर जास्तीत जास्त तीन तास. हा दिवसाचा वरचा आकडा आहे. जागेपणी, खेळताना दर तासाला न्यायची तयारी ठेवा. मुलं पिल्लाशी दंगा करत असतील तर वीस-पंचवीस मिनिटांनीही सू होते.

खुणा ओळखायला शिका. खेळणं मध्येच टाकून देतं. नाक फरशीला लावतं आणि एकाच जागी गोल फिरायला लागतं. दाराकडे किंवा पलंगामागे चालू लागतं. मागचे पाय किंचित जवळ येतात, शेपटीचं मूळ थोडं वर उचललं जातं. ही शेवटची खूण दिसली की तुमच्या हातात दोन-तीन सेकंद असतात.

जागेवर नेल्यावर उभे राहा, काही बोलू नका, मोबाइल काढू नका. पिल्लू करायला लागलं की हळू आवाजात एकच शब्द म्हणा. 'सू' म्हणा, 'चल कर' म्हणा, पण घरातल्या सगळ्यांचा तोच शब्द हवा. पूर्ण झालं की त्या क्षणी, तिथेच शाबासकी आणि एक दाणा. घरात परत येऊन दिलेला दाणा त्याला घरात आल्याबद्दल मिळतो, शी केल्याबद्दल नाही. आणि झाल्याबरोबर लगेच आत ओढू नका. पाच मिनिटं तिथेच खेळू द्या. नाहीतर 'केलं की मजा संपते' एवढंच ते शिकतं आणि मुद्दाम धरून ठेवतं.

जागा कुठली ठरवायची? आम्ही फ्लॅट स्कीममध्ये तिसऱ्या माळ्यावर राहतो.

सुरुवातीला बाल्कनीचा एक कोपरा. खाली प्लास्टिकचा ट्रे, त्यात रद्दीचे चार-पाच थर किंवा बाजारात मिळणारे पॅड. पुढे बाहेर गवतावर न्यायचं असेल तर ट्रेमध्ये हिरवळीचा तुकडा घातलेला अधिक चांगला, कारण पिल्लाच्या पायाला त्याचा स्पर्श ओळखीचा होतो. रद्दी बदलताना खालचा किंचित ओला कागद नव्या थरात ठेवा. त्या वासाने त्याला जागा सापडते.

अंगण असलेल्या घरांना सोपं आहे. तुळशीपासून आणि सडा-रांगोळीच्या जागेपासून लांबचा एक कोपरा ठरवा आणि दर वेळी तिथेच न्या. अंगणात नुसतं मोकळं सोडलं तर ते चिमणीमागे धावतं आणि आत आल्यावर दिवाणखान्यात सू करतं.

गच्ची सकाळी-रात्री ठीक. मार्च ते जून दुपारी नाही. स्लॅबवर, डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन झालं नाही तर त्याच्या पंजांना भाजणारच.

लिफ्टची वाट बघताना अपघात होतात, म्हणून लस पूर्ण झाल्यावरही चार महिन्यांपर्यंत पिल्लू कडेवर घेऊनच उतरा. शी उचलायला पिशवी सोबत ठेवा. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. पण शेजाऱ्यांशी संबंध नियमांनी टिकत नाहीत. जिना आणि पार्किंग स्वच्छ ठेवल्याने टिकतात.

लसी पूर्ण झालेल्या नाहीत. खाली, रस्त्यावर न्यायचं का?

जमिनीवर ठेवायचं नाही. परव्हो हा पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा आजार. त्याचा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून पसरतो आणि मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो. आपल्या ले-आउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर मोकाट कुत्री फिरतात. त्यांच्यात परव्हो होऊन गेला असेल तर जागा बघून ते कळायचा मार्ग नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी खाली सोडायचं हे तुमच्या डॉक्टरला विचारून ठरवा.

तोवर बाल्कनी, स्वतःची गच्ची, स्वतःचं बंद अंगण. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन फुटाळ्याला, बाजाराच्या कडेला फिरवा. गाड्यांचे आवाज, माणसं, गाई-बैल त्याला लांबून दिसू द्या. तीन ते चौदा आठवडे हा काळ भीती घालवायचा असतो, तो परत येत नाही. बाहेरून आल्यावर तुमच्या चपला-बूट मात्र दाराबाहेर. विषाणू तळव्याला चिकटून घरात येतो.

घरात केलंच तर काय करायचं?

करताना दिसलं तर टाळी वाजवून थांबवा, ओरडू नका, उचला आणि जागेवर न्या. उरलेलं तिथे झालं तर शाबासकी. झाल्यानंतर दिसलं तर काहीही करायचं नाही, फक्त पुसायचं. त्याचं नाक त्या घाणीत घासायचं, वर्तमानपत्राने मारायचं, हे सगळं क्रूर आहे आणि निरुपयोगीही आहे. पाच मिनिटांपूर्वी केलेल्या कामाचा आणि आत्ताच्या माराचा संबंध त्याला लागत नाही. माणसासमोर सू केली की मार बसतो एवढं मात्र पक्कं लागतं. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली लपून करू लागतं, आणि बाहेर नेल्यावर तुमच्यासमोर करतच नाही. "बाहेर अर्धा तास फिरवलं, आत आल्याबरोबर केलं" ही तक्रार येणाऱ्या घरी मी पहिल्यांदा हेच विचारते, याला कुणी मारलं का.

पुसण्याची रीत महत्त्वाची. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्या, पसरवू नका. मग पाणी. मग एन्झाइमवालं क्लीनर, ते नसेल तर पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून. अमोनियाचा वास असलेलं काही वापरू नका, पिल्लाला तो सूसारखाच लागतो. फिनाइलने आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, पण खालचा वास पिल्लाला येतच राहतो. शिवाय ओल्या फिनाइलवरून चालून ते पंजे चाटतं. वापरायचंच तर नंतर साध्या पाण्याने पुसून, फरशी कोरडी झाल्यावर त्याला सोडा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

रात्री रडतं. उठायचं की रडू द्यायचं?

उठायचं. पहिले काही दिवस त्याचं अंथरूण तुमच्या पलंगाजवळ ठेवा. रात्री १० ला शेवटची सू, दोनच्या सुमारास एकदा, पहाटे साडेपाचला एकदा. दिवा मोठा लावू नका, लाड नाही, खेळ नाही. नेलं, झालं, परत झोपलं. दोन आठवड्यांनी मधली वेळ पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकलत जा. साडेतीन-चार महिन्यांत बहुतेक पिल्लं रात्रभर धरतात.

पिंजरा वापरत असाल तर तो इतकाच मोठा हवा की त्यात उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल. जास्त मोठा असला तर एका कोपऱ्यात झोपणं आणि दुसऱ्या कोपऱ्यात सू. शिक्षा म्हणून त्यात कधीही कोंडू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा खाली जाड गोधडी हवीच. थंडीने सूही लवकर लागते.

आम्ही दोघंही मिहानला नोकरी करतो. सकाळी ९ ते ६ घर बंद.

तर दोन महिन्यांचं पिल्लू आणू नका. हे मी मनापासून सांगते. नऊ तास धरणं त्याला शक्य नाही, चार जेवणांची सवय मोडणार, आणि आपल्याच घाणीत बसायची सवय लागणार. आई-वडील घरी असतील, किंवा कामाला येणाऱ्या मावशी दुपारी १२ आणि ३ ला येऊन खाणं-सू उरकायला तयार असतील, तर विचार करा. त्यांना या कामाचे वेगळे पैसे द्या आणि वेळा कागदावर लिहून फ्रिजला लावा. नाहीतर वर्ष-दीड वर्षाचं, सवयी लागलेलं कुत्रं दत्तक घ्या.

पावसात बाहेर जायलाच तयार नाही.

ओलं गवत पोटाला लागतं ते अनेक पिल्लांना सहन होत नाही. पोर्चमध्ये किंवा टिनाच्या शेडखाली ट्रे ठेवा. टिनावर पावसाचा आवाज मोठा येतो. घाबरत असेल तर आधी तिथे नुसतेच दाणे खायला घाला. जून ते सप्टेंबर रोज कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा.

पाहुणे आले, मी घरी आले की जागेवरच सू होते.

आनंदाने किंवा दबून होते, मुद्दाम नाही. रागावलात तर वाढेल. आल्यावर पहिली दोन मिनिटं लक्ष देऊ नका, मग खाली बसून छातीजवळून हात लावा, डोक्यावरून नको. वाढत्या वयात बहुतेकांचं थांबतं.

स्वतःची शी खातं. काय करावं?

लहान पिल्लांत ही सवय बरीच दिसते. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे झाल्याबरोबर उचलणं. "अरे नको!" म्हणत धावलात तर त्याला तो खेळ वाटतो आणि ते आणखी घाईने गिळतं. दाणा दाखवून बाजूला बोलवा, मग उचला. जंतांचं औषध वेळेवर द्या, खाणं पुरतंय का बघा.

शी कशी असली म्हणजे ठीक? जंतांचं औषध केव्हा?

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा शी होणं सामान्य आहे. घट्ट, आकार असलेली, उचलल्यावर फरशीवर जेमतेम डाग राहणारी हवी. एकदा पातळ झाली आणि पिल्लू खेळतंय, खातंय, तर खाण्यात काय बदललं ते शोधा आणि दिवसभर बघा.

जंत बहुतेक पिल्लांत आईच्या पोटातूनच येतात. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. डोस वजनावर असतो, तो डॉक्टरनेच सांगावा. हे जंत माणसांना, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना होऊ शकतात. त्यांची अंडी मातीत दोन आठवड्यांहून जास्त राहिली की मगच बाधा करण्याजोगी होतात, त्यामुळे अंगणातली शी त्याच दिवशी उचलली तर धोका बराचसा तिथेच संपतो.

डॉक्टरकडे केव्हा धावायचं?

शीत रक्त, किंवा उग्र दुर्गंधीची पाण्यासारखी शी. उलट्या आणि जुलाब एकदम. पिल्लू खेळत नाही, खाणं सोडलं, हिरड्या पांढरट. पुन्हा पुन्हा बसतं आणि थेंबभरच सू होते, किंवा सूत रक्त. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. परव्होत पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं. उन्हातून आल्यावर जोरात धापा, घट्ट लाळ, झोकांड्या, म्हणजे उष्माघात: साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा, बर्फ नको, आणि निघा.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, जुलाब थांबवायची गोळी, काहीही नाही.

खाजगी डॉक्टर जवळ नसेल तर सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला दवाखाना सगळ्यांसाठी आहे. वेळा आधी चौकशी करून घरात लिहून ठेवा. जाताना ताजी शी छोट्या बंद डबीत घ्या, उलटीचा फोटो काढा, लसीचं कार्ड आणि ती खाण्या-वजनाची वही सोबत न्या. गेल्या दोन दिवसांत काय खाल्लं, केव्हा शी झाली हे ज्याला पाठ आहे तोच माणूस सोबत जाऊ द्या.

हे सगळं किती दिवस चालतं?

वेळा पाळल्या तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. भरवसा ठेवण्याइतकी सवय पाच-सहा महिन्यांच्या वयात लागते, छोट्या जातींना थोडा जास्त वेळ. सहाव्या महिन्याच्या आसपास नर पिल्लू पाय वर करून खुणा करायला लागलं की "सगळं विसरला" असं वाटतं. तो वयाचा भाग आहे. आठवडाभर पुन्हा पहिल्यासारखं दर दोन तासांनी न्या, केलेल्या जागा नीट धुवा आणि नसबंदीबद्दल डॉक्टरशी बोला.